फडताळातील तेल आणि द्राक्षारस



डिसेंबर महिन्यात उत्तरेकडे प्रवास करण्याचा प्रसंग ज्यांच्यावर आला असेल त्यांना तिकडच्या धुक्याविषयी निराळे सांगायला नको. काही वर्षांपूर्वी भाषांतराच्या एका कार्यशाळेहून परतताना लखनौच्या चारबाग स्थानकावर मी पोहोचले, तो आमची गाडी सात तास उशिरा येणार असल्याचे समजले. कार्यशाळेतील एका सहकाऱ्यांच्या मावशींचे घर जवळच, रेल्वेच्या जुन्या वसाहतीलगत होते. थंडीत फलाटावर बसू नका म्हणून त्यांनी मला तिकडे नेले. त्या सात तासांतील बराच वेळ मी एका वृद्ध ख्रिस्ती बाईंच्या स्वयंपाकघरात घालवला. तेथील भिंतीतल्या फडताळाने माझ्यापुढे जो प्रश्न उभा केला, तोच आज मी तुमच्यापुढे ठेवीत आहे. जे घरी केलेले आहे आणि निसर्गातून आलेले आहे, ते तेवढ्यानेच निर्दोष ठरते काय?

फडताळाच्या वरच्या खणात चिनी मातीची एक मोठी बरणी होती. तिच्या तोंडाला मलमलीचा दादरा बांधलेला होता. रेल्वेच्या वसाहतींतून एके काळी अँग्लो-इंडियन कुटुंबे मोठ्या संख्येने राहत असत. नाताळच्या महिना-दीड महिना आधी मनुका, साखर, आले, लवंग, दालचिनी, मूठभर गहू आणि थोडे खमीर एकत्र करून घरचा द्राक्षारस मुरत ठेवायचा, ही त्या घरांची रीत. शेजारधर्माने ती इतर ख्रिस्ती घरांतही आली. गोव्याच्या आणि वसईच्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. त्यांच्याकडेही सणासमारंभाला घरच्या पेयाची बरणी ओळखीची आहे.

खालच्या खणात काचेच्या वाटीत उटणे कालवून ठेवलेले होते. डाळीचे पीठ, हळद, साय, गुलाबपाणी आणि लिंबाचा रस. लिंबाची पिळलेली सालेही बाजूलाच होती, आणि ती एका वाटीच्या मानाने फार होती.

आजींनी बरणीतील पेय पेल्यात ओतून माझ्या हातात दिले. मी जरा संकोचले, तेव्हा त्या हसून म्हणाल्या, "घे बेटी, यंदा मी त्यात खमीर घातलेलं नाही." मग आतल्या खोलीच्या बंद दाराकडे पाहून त्यांनी आवाज खाली आणला. त्यांच्या मुलाने दारू सोडली त्याला आठ महिने झाले होते. "माझ्या आजीची कृती आहे. इतक्या वर्षांत माझ्या हातून पहिल्यांदाच मोडली." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर दुःख नव्हते, पण बरणीवर हात ठेवून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या.

नंतर त्यांनी नातीला हाक मारली. चोवीस-पंचवीस वर्षांची, बी. एड. झालेली मुलगी. रविवारी कानपूरची मंडळी तिला पाहायला येणार होती. याआधीची दोन स्थळे रंगावरून मोडली होती, म्हणून उटण्यात लिंबू वाढले होते. तिच्या डाव्या गालावर भाजल्यासारखा एक लाल पट्टा मला स्पष्ट दिसला. वाटी पुढे आली तशी ती म्हणाली, "दादी, आग होते." आजी म्हणाल्या, "थोडं सोसावं लागतं, बाळ." आणि ज्या हातांनी त्यांनी बरणीतले खमीर वगळले होते त्याच हातांनी, तितक्याच मायेने, त्या ते उटणे मुलीच्या गालावर चोळू लागल्या.

मी पाहत राहिले. बोलले काही नाही.

वाचकहो, ही गोष्ट माझ्या मनातून का गेली नाही, हे सांगण्यासाठी मला पवित्र शास्त्राकडे वळले पाहिजे. बरणी आणि वाटी यांचा शेजार तेथे फार जुना आहे. एकशे चारावे स्तोत्र उघडून पाहा. सृष्टीच्या दानांची मोजदाद करताना स्तोत्रकर्ता पंधराव्या वचनात तीन जिन्नस एका दमात सांगतो. माणसाचे मन आनंदित करणारा द्राक्षारस, त्याचा चेहरा तुकतुकीत करणारे तेल आणि त्याला बळ देणारी भाकर. पेय, उटणे आणि जेवण, अवघे फडताळ एका ओळीत आले. या वचनातील एक इब्री अव्यय भाषांतरकाराला कोड्यात टाकते. त्याचा अर्थ 'तेलाने' असा होतो आणि 'तेलापेक्षा अधिक' असाही होऊ शकतो. दुसरा अर्थ घेतला तर तेलाने उजळतो त्याहूनही चेहरा द्राक्षारसाच्या आनंदाने उजळतो, असा भाव निघतो. कोणताही अर्थ घ्या, उजळलेला चेहरा हे देवाचे दान आहे, हे कायम राहते. प्रसाधन म्हणजे पाप, असे समजणाऱ्या वडीलधाऱ्यांनी हे वचन कोठे ठेवायचे, हे त्यांनीच सांगावे. उपास करताना डोक्याला तेल लावा, तोंड धुवा, असे खुद्द प्रभूने शिष्यांना सांगितले आहे (मत्तय ६:१७). ईयोबाने दुःखानंतर झालेल्या आपल्या तिसऱ्या मुलीचे नाव ठेवले केरेन-हप्पूक, म्हणजे काजळाची शिंगटी! ज्या काजळासाठी आपण ईजबेलीला नावे ठेवतो, तेच देवभीरू बापाने लेकीच्या नावात घातले.

इब्री भाषेत मसाल्यांचे मिश्रण करण्यासाठी एक धातू आहे. गीतरत्नाच्या आठव्या अध्यायात प्रियकरासाठी मसाले घातलेला द्राक्षारस आणि डाळिंबाचा रस आहे, तेथे हाच धातू येतो. निर्गमाच्या तिसाव्या अध्यायात पवित्र अभिषेकाच्या तेलाची कृती आहे. तीत ५०० शेकेल गंधरस, २५० शेकेल दालचिनी, २५० शेकेल सुगंधी बच, ५०० शेकेल तज आणि एक हीन जैतुनाचे तेल आहे. हे मिश्रण करणाऱ्या गांध्याचे नावही त्याच धातूवरून आलेले आहे. पेय करणारा हात आणि सुगंधी तेल करणारा हात, भाषेने एकच मानले.

आपल्या भाषांतही असेच घडले आहे. लखनौपासून फार दूर नसलेल्या कनौजला गुलाबाचे अत्तर आणि गुलाबपाणी आजही भट्टीवर काढतात. फारसीतील हा 'गुलाब' म्हणजे गुलाबपाणी अरबीत 'जुलाब' झाला, युरोपात जाऊन गोड औषधी सरबताचे नाव झाला, अमेरिकेत पोहोचल्यावर पुदिना आणि मद्य यांच्या 'जुलेप' नावाच्या मिश्रणाला चिकटला. आपल्या मराठीत त्याची काय गत झाली, हे वाचकांना ठाऊकच आहे. चेहऱ्यावर शिंपडायचे पाणी कोणाच्या पेल्यात गेले आणि कोणाच्या पोटात! ज्या चारबागेत मी हे पाहत होते तिचे नावही याच प्रवासातले. चार भागांत आखलेली, पाण्याने भिजवलेली फारसी बाग. तिकडच्याच जुन्या भाषेतील कुंपण घातलेल्या बागेचा शब्द इब्रीत 'पर्देस' म्हणून आला आणि गीतरत्नाच्या चौथ्या अध्यायात डाळिंब, जटामांसी, केशर, दालचिनी यांनी भरलेल्या बागेसाठी वापरला गेला. ग्रीक भाषांतरकारांनी एदेन बागेसाठी तोच शब्द घेतला, आणि वधस्तंभावरून प्रभूने पश्चात्तापी चोराला ज्याचे वचन दिले ते स्थळही मूळ ग्रीकमध्ये तेच आहे.

तेव्हा फडताळातील वस्तूंना दोष नाही. परंतु येथेच आजच्या काळातील एक भाबडेपणा शिरतो. वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आणि मोबाइलवरील चित्रफिती रोज सांगतात की बाजारातले ते रासायनिक आणि वाईट, स्वयंपाकघरातले ते नैसर्गिक आणि चांगले. एका पानावर घरच्या घरी गोरे होण्याचा लेप, पुढच्या पानावर कोकम, आले आणि मद्य यांचे पाहुण्यांसाठी 'घरगुती' मिश्रण. जणू उंबरठ्याच्या आत आले की सारे शुद्ध झाले. खमिराला घर आणि कारखाना यांतला भेद कळत नाही. साखर खाऊन मद्यार्क करणे, हा त्याचा धर्म तो दोन्हीकडे सारखाच पाळतो. कायद्यालाही तो भेद मान्य नाही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून लागू आहे आणि परवान्याशिवाय घरी मद्य तयार करणे हा गुन्हाच आहे. नाताळच्या दिवसांत आपण हे जरा सोयीने विसरतो. लिंबाचे म्हणाल तर त्याचा रस त्वचेला सोसवतो त्याहून कितीतरी आंबट असतो. शिवाय त्यात अशी द्रव्ये असतात की रस अंगावर असताना ऊन लागले तर कातडी भाजते आणि मागे काळे डाग राहतात. उजळण्यासाठी लावावे आणि काळे पडावे, असा हा उपाय.

वस्तू निर्दोष असेल आणि घर हेही तिच्या शुद्धतेचे प्रमाण नसेल, तर मग कशावरून ठरवायचे? शास्त्र अशा वेळी पदार्थाकडे कमी आणि माणसांकडे अधिक पाहते, असे मला वाटते. यशयाने मद्याचे मिश्रण करण्यात मर्दुमकी गाजवणाऱ्यांना धिक्कारले आहे (५:२२). पण पुढचेच वचन वाचा. हेच लोक लाच घेऊन दुष्टाला सोडतात आणि नीतिमानाचा न्याय हिरावून घेतात. पेला हातात असताना दाराशी कोण उभे आहे हे त्यांना दिसत नाही, हा संदेष्ट्याचा खरा संताप आहे. याउलट तो शोमरोनी पाहा. त्याच्या शिदोरीत काय होते? तेल आणि द्राक्षारस. स्तोत्रातील तेच दोन जिन्नस त्याने अनोळखी माणसाच्या जखमांवर ओतले.

चारबागच्या त्या आजींनी वरच्या खणाच्या बाबतीत पौलाचे रोमकरांस पत्र कोणाही उपदेशकापेक्षा चांगले समजून घेतले होते. ज्याने आपल्या भावाला ठेच लागते ते न खाणे, न पिणे चांगले, असे प्रेषित लिहितो (१४:२१). मद्यपान योग्य की अयोग्य, या वादात आपल्या मंडळ्यांनी दीडशे वर्षे घालवली. आजी त्या वादात पडल्या नाहीत. आतल्या खोलीत आपला मुलगा आहे, एवढे त्यांनी पाहिले आणि तीन पिढ्यांची कृती बदलली. न्यू जर्सीतील टॉमस वेल्च या मेथॉडिस्ट दंतवैद्याने १८६९ मध्ये द्राक्षांचा रस आंबू नये म्हणून उकळत्या पाण्यात बाटल्या तापवण्याची युक्ती केली ती प्रभुभोजनासाठी. आज आपल्याकडेही कित्येक मंडळ्यांत मनुका भिजवून, कोळून त्यांचा रस त्या पेल्यात येतो. काहींना तो पेला फिका वाटतो, मलाही पूर्वी वाटे. पण एका दुर्बळ भावासाठी सगळ्या मंडळीने आपला पेला बदलावा, यात फिके काय आहे?

मग खालच्या खणाच्या बाबतीत हीच दृष्टी का हरवली?

कारण मुलाला ठेच कशाची लागते ते त्यांना दिसत होते आणि नातीला कशाची लागते ते दिसत नव्हते. तिला लागणारी ठेच आपण सर्वांनी मिळून रस्त्यात ठेवलेली आहे. इस्राएलाने राजा मागितला तेव्हा शमुवेलाने बजावले होते की तो तुमच्या मुलींना गंधकारिणी, स्वयंपाकिणी आणि भटारिणी करायला नेईल (१ शमुवेल ८:१३). गंधकारिणीसाठीही तेथे तोच मसाल्याचा धातू आहे. घरच्या फडताळातील कौशल्य सत्तेच्या चाकरीत जाईल, हा त्याचा इशारा. एस्तेरच्या पुस्तकात तो भलत्याच रूपाने खरा झालेला दिसतो. तेथे मुलीच गोळा केल्या जातात आणि त्यांच्यावर बारा महिने संस्कार होतात, सहा महिने गंधरसाच्या तेलाचे आणि सहा महिने सुगंधी द्रव्यांचे, एका रात्रीत राजाने पसंत करावे म्हणून. रविवारशाळेत हा भाग आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. ज्या मुलींना राजाने पुन्हा बोलावले नाही त्यांचे काय झाले, असे एकदा माझ्या वर्गातील एका मुलीने विचारले होते. तेव्हा मी विषय बदलला.

आता ज्यासाठी हे सारे लिहिले ते सांगते. त्याच दिवशी सकाळी, चारबागला येण्यापूर्वी, आमच्या गटात उत्तरेकडील एका बोलीतल्या गीतरत्नाच्या मसुद्यावर दीड तास वाद झाला होता. पहिल्या अध्यायाचे पाचवे वचन. वधू म्हणते की मी काळी आहे, आणि लगेच म्हणते की मी सुंदर आहे. या दोन शब्दांच्या मध्ये इब्रीत एकच लहानसे अक्षर आहे. त्याचा साधा अर्थ 'आणि'. संदर्भ मागेल तेथे 'परंतु' असाही करता येतो. जुन्या ग्रीक भाषांतराने 'आणि' ठेवला. जेरोमने लॅटिनमध्ये 'परंतु' केला आणि युरोपातील पुष्कळ भाषांतरे त्याच वाटेने गेली. काही नवीन इंग्रजी भाषांतरे आता 'आणि'कडे परतली आहेत. मी 'आणि'चा आग्रह धरला. बरीच बोलले. गटातील एक पाळक शांतपणे म्हणाले, "बाई, 'काळी आणि सुंदर' असं वाचलं तर गावातले लोक हसतील." मसुद्यात 'पण' राहिला.

सहावे वचन अधिक कठीण आहे. माझ्या काळेपणाकडे रोखून पाहू नका, असे ती यरुशलेमेच्या मुलींना विनवते. तिला उन्हाने करपवले, कारण भावांनी तिला द्राक्षमळे राखायला बसवले, आणि स्वतःचा मळा तिला राखता आला नाही. वाचकहो, पुन्हा तेच दोन खण! कोणाच्या तरी पेल्यातील द्राक्षारसासाठी हिचा चेहरा उन्हात गेला, आणि मग त्याच चेहऱ्यावरून तिला हिणवले. नाशिक-सांगलीकडच्या द्राक्षबागांत घडांची विरळणी करणाऱ्या बायका ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे वचन समजावून सांगावे लागत नाही. तासगावचा बेदाणा तरी रंगातून सुटला आहे काय? काळपट पडू नये, सोनेरी दिसावा, म्हणून त्याला गंधकाची धुरी देतात, कारण उजळ बेदाण्याला भाव जास्त. सुकलेल्या द्राक्षालासुद्धा आपण सावळे राहू देत नाही.

याबद्दल कारखानदारांना दोष देणे सोपे आहे. 'फेअर अँड लव्हली' हे मलम १९७५ मध्ये बाजारात आले आणि २०२० मध्ये त्याच्या नावातून गोरेपणाचा शब्द काढण्यात आला. बाजाराने निदान नाव बदलले. आपल्या घरातील उटण्याला तर नावही नाही, ते कोणते कंपनीचे पाप म्हणून दाखवावे? ख्रिस्ती नियतकालिकांतील वधू पाहिजेच्या जाहिराती मी पुष्कळ वर्षे वाचत आले आहे. विश्वासी, प्रार्थनाशील, मंडळीत सेवा करणारी, आणि त्याच ओळीत गोरी. या चारही अपेक्षा एकाच देवापुढे गुडघे टेकून लिहिलेल्या असतात.

आणि मी? माझ्या धाकट्या बहिणीच्या लग्नाच्या वेळी वडिलांचे हात कापत असल्यामुळे तिची माहिती मीच सुवाच्य अक्षरात लिहून दिली होती. ती सावळी आहे. मी लिहिले, 'गव्हाळ'. भाषांतराचे शिक्षण घेण्यापूर्वीचे ते माझे पहिले चुकीचे भाषांतर. तिने तो कागद वाचला होता, हे मला फार उशिरा कळले. ती त्यावर कधी काही बोलली नाही. तिच्या मुलींच्या बाबतीत मात्र तिने कोणालाही अशी माहिती लिहू दिली नाही.

म्हणून चारबागच्या त्या स्वयंपाकघरात माझे तोंड उघडले नाही. आजींना सांगण्यासारखे माझ्यापाशी पुष्कळ होते. धातू होते, अव्यये होती, जेरोम होता. पण वाटीतले लिंबू कमी करा, एवढे साधे वाक्य सुचले नाही, किंवा सुचूनही धाडस झाले नाही. पाहुणीने यजमानीणबाईंच्या मायेला नाव कसे ठेवावे, असे मी स्वतःला समजावले. माया खरीच होती. नातीचे लग्न जमावे, तिने सुखी व्हावे, याखेरीज त्या वाटीत दुसरा हेतू नव्हता. पण खोटे माप कोणी मायेने वापरले म्हणून खरे होत नाही, आणि मुलीच्या गालावरचा पट्टा हेतू विचारून उठला नव्हता.

रात्री दहाच्या सुमारास गाडी येत असल्याचे कळले. आजींनी त्यांच्या पेयाची एक बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या पिशवीत ठेवली. खमीर नसल्याने वाटेत बूच उडणार नाही, असे त्या हसत म्हणाल्या. आतल्या खोलीतून त्यांचा मुलगा बाहेर आला आणि त्याने माझी बॅग उचलली. नात आम्हाला पोचवायला फाटकापर्यंत आली. तिने चेहरा धुतला होता. फाटकावरच्या दिव्यात तो लाल पट्टा अधिकच ठळक दिसत होता.

"आग होते का अजून?" मी विचारले.

"कमी झाली," ती म्हणाली. मग थोडे थांबून तिने विचारले, "ताई, सकाळी तुमच्या सभेत कशावरून भांडण झालं? काका सांगत होते, एका अक्षरावरून."

मी तिला ते वचन सांगितले. दोन्ही तऱ्हांनी सांगितले. धुक्यात तिचा चेहरा मला नीट दिसला नाही. तिने फक्त विचारले, "मग काय ठरलं?"

तो मसुदा अजून छपाईला गेलेला नाही. पाचव्या वचनात 'पण' तसाच आहे आणि त्याच्या शेजारी माझी पेन्सिलीची खूण आहे. पुढची बैठक लखनौलाच व्हायची आहे, आणि त्या पाळकांपुढे हा मुद्दा मी पुन्हा काढणार आहे. बैठकीच्या आधी मात्र मला चारबागला त्या घरी जायचे आहे.